मंगळशिंग

अक्का, तुला जाऊन महिना होत आला आणि मी अजून पोटभर रडलेले नाही. पेठेतल्या बायका म्हणतात, धाकटी बहीण दगडाची आहे. म्हणू देत. रडायलासुद्धा मनाला थोडी उसंत लागते, आणि ती मला मिळत नाही, कारण मला भीती वाटते आहे. तुझी गोदी सध्या माझ्याकडे आहे. सकाळी उठल्या उठल्या मी तिला दोन्ही हात पुढे करायला लावते आणि मनगटं सरळ राहतात का ते बघते. मग तिचा ओठ वर करून हिरड्या बघते. सात वर्षांची पोर, तिला वाटतं मावशीने नवा खेळ काढला आहे. ती हौसेने दात दाखवते आणि मी हसते. जे तुला घेऊन गेलं ते हिच्याही अंगात शिरलं असेल का, याखेरीज दुसरं काही मला दिवसभर सुचत नाही.

तू असतीस तर म्हणाली असतीस, चिमे, तुझं सगळंच मेलं टोकाचं. असू दे. मी तुझ्याशी बोलायला बसले आहे, तुझी समजूत काढायला नाही. आपलं भांडण अर्धं राहिलं आहे.

तुझ्या केसांचं कौतुक ऐकतच मी लहानाची मोठी झाले. आई तुझी वेणी घालायला बसली की शेजारच्या दोघी तिघी काम नसताना यायच्या. माझ्या वाट्याला आलेलं शेपूट बघायला कोणी येत नसे. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला सांगू. पण मला उवा झाल्या होत्या ते आठवतं? आई वैतागली होती, म्हणाली, भादरून टाकू एकदाचं, पुन्हा येतील. तू मधे पडलीस. पोरीचे केस जाऊ द्यायचे नाहीत म्हणालीस, आणि रोज दुपारी परसात माझं डोकं मांडीवर घेऊन फणी फिरवत बसलीस. मला झोप लागायची. जागी व्हायचे तेव्हा तुझ्या नखांवर टिचटिच चाललेलं असायचं. माझ्या डोक्यावर आज जे काही चार केस आहेत ते तुझे आहेत, अक्का. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आपल्या घरात असलं काही बोलायची रीत नव्हती, टोमणे मारायची मात्र होती.

मग गोदीच्या पाठचा मुलगा गेला. त्या दुखण्यात तुलाही ताप आला, आणि अंथरुणातून उठलीस तेव्हा तुझी दोन्ही कानशिलं पांढरी झाली होती. तीस वर्षांचीही नव्हतीस. आपल्या आत्याचं असंच झालं होतं, घराण्यातच आहे ते. गोदीच्या डाव्या कानामागे जन्मापासून एक पांढरी बट आहे, तिला तू चंद्रकोर म्हणायचीस. पण स्वतःच्या पांढऱ्या केसांना नाव ठेवायला तुला काही सुचलं नाही. शनिवार पेठेतल्या त्या हळदीकुंकवाला एका नव्या बाईने तुला कुंकू लावता लावता विचारलं, या थोरल्या वन्सं का? भावोजींच्या बायकोला भावोजींची मोठी बहीण समजली ती. सगळ्या हसल्या, तूही हसलीस. घरी येऊन मात्र आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवलास.

तुझ्या सासूबाईंना मी नावं ठेवायची ठरवली होती. पण आता जे घडलं आहे ते बघता तेवढा हक्क मला राहिलेला नाही, तेव्हा खरं ते सांगते. भावोजींचे काका दुसऱ्या मुलीचं स्थळ घेऊन आले होते. एकच मुलगी, बायको दुखणाईत, केस पिकलेले, वंश कसा चालायचा, असं सगळं त्यांनी ओसरीवर बसून मांडलं. सासूबाईंनी दाराआडून ऐकून घेतलं आणि आतूनच म्हणाल्या, माझी सून म्हातारी झालेली नाही, तुमची दृष्टी झाली आहे. काका उठून गेले. त्याच आठवड्यात सासूबाईंनी रविवार पेठेतल्या काष्ठौषधीवाल्याकडून कलपाचं सामान आणवलं. घरात सवत येऊ नये म्हणून एका विधवा सासूने सुनेचे केस आपल्या हाताने काळे केले. स्वतःच्या डोक्यावर दर महिन्याला वस्तरा फिरत होता, आणि सुनेच्या डोक्यावरचा एक केस पांढरा राहू देत नव्हत्या. यात वाईट कुठे होतं, तूच सांग.

त्या कलपात मेंदी होती, नीळ होती, कळीचा चुना होता आणि मुरदाडशिंग होतं. पिवळसर, हाताला जड लागणारे ते खडे आपल्या माहेरीही होते. आई खरजेच्या मलमात घालायची आणि आपल्याला डबीला हात लावू द्यायची नाही. तुमच्याकडे ते खलबत्त्यात मैद्यासारखं कुटायचं, चुन्यात कालवायचं, केसांना थापायचं आणि वर एरंडाची पानं बांधून सकाळपर्यंत ठेवायचं. केस असे काळे व्हायचे की मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तुला ओळखलंच नाही. मी म्हटलं, अगंबाई, भावोजींनी खरंच दुसरी आणली की काय! तू मला चिमटा काढलास, आणि खूष झालीस.

पण मुरदाड हा शब्द तुमच्या घरात चालत नव्हता. मुरदाड म्हणजे मेलेलं, आणि ते सवाष्णीच्या डोक्याला लावायचं, असं तोंडाने म्हणायचं तरी कसं? तसं आपल्याही घरी बांगडी फुटत नाही, वाढते, आणि डब्यातले तांदूळ संपत नाहीत, उदंड होतात. पण तुमच्याकडे नुसता कहर होता. सासूबाईंनी त्याचं नावच बदललं. मंगळशिंग. गोदीसुद्धा म्हणायची, आजी मंगळशिंग कुटते आहे. मला इतकं हसू यायचं! मी तुला विचारलं होतं, तुमच्या घरात कोणी म्हातारा मेला तर तो काय, उदंड होतो का? तू पदराचा बोळा तोंडात कोंबून हसलीस, कारण सासूबाई माजघरात होत्या. त्या शब्दावर आपण दोघी मनसोक्त हसलो आहोत.

मला पहिल्यांदा धस्स झालं ते जेवणाच्या पंगतीत. आमच्या इकडची स्वारी दारूखान्यात कारकून, हे तुला ठाऊकच आहे, आणि पान वाढलं की इकडून दारूखान्याच्या गोष्टी निघतात, हेही. बंदुकीच्या गोळ्या ओतणाऱ्या माणसांबद्दल बोलणं चाललं होतं. म्हणे, शिसं वितळवणारी ती माणसं फार दिवस टिकत नाहीत. आधी पोटात मुरडा येतो, शौचाला होत नाही, तोंडावर राखेसारखा रंग येतो, आणि मग मनगटं गळतात. हात खांद्यापासून उचलतो, पण पंजा खाली लोंबत राहतो. मी सहज विचारावं तसं विचारलं, शिशाचं आणखी काय काय करतात? इकडून सांगणं झालं, मुरदाडशिंग शिशाचंच तर असतं. मी आमटी वाढत होते. ती पानाबाहेर गेली आणि मला बोलणी बसली.

दुसऱ्या दिवशी नारायण पेठेतून तुझ्याकडे मी जवळजवळ धावतच आले. तुला सगळं सांगितलं. तुझं उत्तर मला शब्दन् शब्द आठवतं. म्हणालीस, ते लोक शिशाची वाफ पोटात घेतात, मी डोक्याला लावते, खात नाही. मी म्हटलं, तू बोट जिभेला लावून कानशिलावरचे केस चापतेस, लहानपणापासून चापतेस, ते खाणं नाही तर काय? तू चिडलीस. उगीच नाही चिडलीस. तुझी ती सवय काढली की तू नेहमीच चिडायचीस. मग मी वैद्याला विचार म्हटलं, तू म्हणालीस कलपाची गोष्ट वैद्याला सांगू आणि साऱ्या पेठेत डंका पिटू? मी आवाज चढवला. तेव्हा तू शांतपणे म्हणालीस,

"चिमे, तुझं डोकं काळं आहे, म्हणून तुला हे बोलणं सोपं आहे."

मी उठून निघून आले. रस्ताभर मी तुला उत्तरं देत होते, एकाहून एक सरस. त्यातलं एकही तुझ्यापर्यंत पोचलं नाही. मी ठरवलं होतं, पुढच्या भेटीत हिला नमवायचीच.

पुढच्या भेटीत तू दारातच मला मिठी मारलीस आणि कानात सांगितलंस की तुला दिवस राहिले आहेत. मग कसलं भांडण आणि कसलं काय! तुझी पाळी चुकली होती, सकाळी उलट्या होत होत्या, अन्न नको झालं होतं. चुलीतली राख बोटाने चाटावीशी वाटते म्हणालीस. तोंडाला सारखी गोडसर चव असते म्हणालीस. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. भावोजी दोन दिवस हवेत चालत होते. काकांना मुद्दाम निरोप गेला. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा इकडूनसुद्धा हसणं झालं. ज्या दुखण्याने दारूखान्यातली माणसं घरी बसतात त्याला आपण सगळ्यांनी मिळून डोहाळे म्हटलं, अक्का. कोणाच्याही मनाला शिवलं नाही. माझ्याही नाही. तू सुखात होतीस, आणि तुला सुखात बघून आम्हाला दुसरं काही दिसत नव्हतं.

पाचव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. फुलांची वाडी भरायची, मोगऱ्याच्या कळ्या वेणीत गुंफायच्या, म्हणून आदल्या दिवशी पुन्हा कलप लागला. पांढऱ्या कळ्या काळ्याभोर केसांत इतक्या उठून दिसत होत्या की बायका दुरून बघून जात होत्या. पाटावर तुझी तू बसली होतीस, गाल बसलेले, चेहरा पिठासारखा, आणि डोक्यावर ते ऐश्वर्य. एकजण म्हणालीच, पोट काही दिसत नाही बाई. दुसरी म्हणाली, आत बसलंय, मुलगाच आहे. तू हसलीस तेव्हा मला तुझ्या हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ दिसली. मी म्हटलं, दातवण जरा जास्त झालंय. दातवण नव्हतं ते. हे मला आता कळतं, कारण इकडून मुद्दाम त्या माणसांच्या हिरड्या बघून येणं झालं आहे.

पुढचं तुला काय सांगू, तूच भोगलंस. पोटातल्या कळांना वैद्यबुवा वायू म्हणाले. सासूबाईंनी दृष्ट काढली. सुईण आली, पोट चाचपलं, पुन्हा चाचपलं, आणि सासूबाईंना बाजूला नेऊन म्हणाली की आत काही नाही, कधी नव्हतंच. ते तुला कोणी सांगितलं, कधी सांगितलं, मला ठाऊक नाही. मी आले तेव्हा तुला कळलेलं होतं एवढंच. तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. मी हात धरला तर तो मनगटापासून खाली गळला. मी तो उचलून धरला, सोडला, तो पुन्हा गळला. दारूखान्यातली मनगटं मला तेव्हा आठवली, पण फार उशिरा. सासूबाई तुला भरवत होत्या, आणि घास घेताना तू मला म्हणालीस, हातात बांगड्या जड झाल्यात गं. सवाष्णीच्या हातातल्या बांगड्या काढायच्या कशा? म्हणून त्या तशाच राहिल्या. शेवटी झटके आले. तेव्हाही तुझ्या डोक्यावर एक पांढरा केस नव्हता. तुला सजवायला आलेल्या बायका म्हणाल्या, काय केस आहेत, अहेव गेली, भाग्याची. मला त्यांचे गळे दाबावेसे वाटले.

तेराव्याला पानं वाढून झाल्यावर भावोजी माझ्याशी बोलले. बिचारे स्वतःलाच समजावत होते. आम्ही काही कमी केलं नाही म्हणाले, पुण्यातले उत्तम वैद्य आणले, त्यांच्यापासून काही लपवलं नाही. वैद्यबुवांनी विचारलं, पोटात काय घेता, अंगाला काय लावता? आमच्या आईने दाराआडून सगळं सांगितलं. सुंठ, एरंडेल, केसांना मेंदी, नीळ, मंगळशिंग.

मी म्हटलं, काय सांगितलं?

मंगळशिंग, भावोजी पुन्हा म्हणाले. वैद्यबुवांनी मान डोलावली, असू दे म्हणाले, थंड असतं.

अक्का, आता नीट ऐक. घरात गर्भार समजलेली सून होती, तिच्यासमोर मुरदाड म्हणायचं नाही म्हणून सासूबाईंनी औषधाचं खोटं नाव सांगितलं. तेही खोटं सांगायच्या हेतूने नाही, त्यांच्या जिभेला आता तोच शब्द होता. आणि वैद्यबुवा! मंगळशिंग नावाची वस्तू त्रिभुवनात नाही, पण हे आम्हाला ठाऊक नाही असं म्हणणारा वैद्य या शहरात अजून जन्माला यायचा आहे. थंड असतं म्हणे. खरा शब्द त्यांच्या कानावर पडला असता तर त्यांनी काय केलं असतं, मला माहीत नाही. कदाचित तेव्हाही मानच डोलावली असती. पण मी रोज तोच विचार करते. एका शब्दापुरती तू वाचायची राहिलीस की काय, या विचाराने मला वेड लागायची पाळी आली आहे.

आणि मग गोदीचं झालं. आता जे सांगते ते ऐकून माझ्यावर रागावू नकोस.

लोणी काळभोरच्या कुलकर्ण्यांकडून गोदीसाठी तू असतानाच विचारणा झाली होती. एवढ्यात लग्न नव्हतं, पण ते मुलगी बघून शब्द पक्का करायला येणार होते. आईवेगळी पोर, हातचं स्थळ जाऊ नये, एवढंच सासूबाईंच्या मनात. मी त्या दिवशी नेहमीसारखी मागच्या दाराने आले. परसात उन्हात गोदी बसली होती, अगदी शहाण्यासारखी, मांडीवर हात ठेवून. डोक्याला एरंडाची पानं बांधलेली होती. मला बघून म्हणाली, मावशी, आज माझी चंद्रकोर जाणार, मी आईसारखी दिसणार.

मला पुढचं नीट आठवत नाही. पानं ओरबाडून काढली, पोरीला दंडाला धरून आडाकडे नेलं, कळशीमागून कळशी ओतली. शिकेकाई चोळली, रिठे चोळले, राख चोळली. पोर किंचाळत होती. पाणी आधी काळं गेलं, मग स्वच्छ जायला लागलं, आणि केस काळेच राहिले. ती पांढरी बट कुठे होती तेही कळेना. सासूबाई धावत आल्या, म्हणाल्या, वेड लागलं का तुला, पोरीला मारतेस की काय? त्यांची बोटं पेरापर्यंत काळी होती.

मी म्हटलं, "मुरदाडशिंग आहे ते. मुरदाडशिंग, मुरदाडशिंग."

त्यांनी कानांवर हात ठेवले. या घरात ते नाव घ्यायचं नाही म्हणाल्या. मी म्हटलं, वैद्यापुढे एकदा घेतलं असतंत तर. मग मी दारूखान्यातल्या माणसांचं सगळं सांगितलं, मुरड्यापासून मनगटांपर्यंत. मला वाटलं होतं, आता माझ्या सात पिढ्यांचा उद्धार होणार. पण त्या आडाच्या कट्ट्यावर बसल्या. मग त्यांनी एकच विचारलं, त्यांचीही मनगटं अशीच गळतात? मी हो म्हटलं. तुला शेवटचे घास त्यांनीच भरवले होते, त्यांना आणखी काही सांगायची गरज नव्हती.

माझ्या मनात एक गोष्ट आली होती, पण ती जिभेवर आणायची माझी छाती नव्हती. ती त्यांनी केली. त्या आत गेल्या आणि न्हाव्याला बोलावणं धाडलं.

न्हावी आला तो नेहमीसारखा त्यांच्यासाठी म्हणून आला. परसात पाट मांडला, वस्तरा परजला. सासूबाईंनी गोदीला उचलून त्या पाटावर बसवलं. न्हाव्याचा हात थांबला. तो म्हणाला, आईसाहेब, कुमारिकेच्या डोक्याला मी वस्तरा लावायचा नाही, मला पाप नको. एवढ्यात आवाज ऐकून भावोजी आले. त्यांनी पाटावर गोदी बघितली आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला त्यांचीच दया आली. ते म्हणाले, लोणीची माणसं यायची आहेत, लोक काय म्हणतील, या घरात आधीच एक मर्तिक झालंय, आता हा अपशकुन कशाला? त्यांचंही खोटं नव्हतं. शब्द पक्का होणार असलेली पोर बोडकी दिसली तर कोण सासर तिला पत्करणार? आई, तुम्हाला कळतं आहे का काय करता आहात, असं ते दोनदा म्हणाले.

सासूबाईंनी डोक्यावरचा अलवणाचा पदर मागे सारला. मुलासमोर, न्हाव्यासमोर. मी त्यांचं उघडं डोकं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"लोकांना माझ्या डोक्याची सवय झाली ना?" त्या म्हणाल्या. "हिच्याही होईल. कर रे सुरुवात, पाप माझ्या नावावर."

त्याने सुरुवात केली. गोदी रडली नाही. आडावर रडून रडून तिचं सगळं रडू संपलं असावं. काळ्या बटा तिच्या खांद्यांवरून घसरून मांडीवर पडत होत्या, आणि त्या तिने हातात धरू नयेत म्हणून मी तिच्या दोन्ही मुठी धरून बसले होते. ज्या पोरीच्या आईने माझे केस वाचवण्यासाठी एक उन्हाळा घालवला, त्या पोरीचे केस जाताना मी तिचे हात धरून ठेवले, अक्का. भावोजी खांबाला टेकून उभे होते. ते गेलेही नाहीत आणि आडवेही आले नाहीत. सासूबाईंनी सगळे केस फडक्यात गोळा केले, उरलेलं मुरदाडशिंग, खल आणि बत्तासुद्धा, आणि परसाच्या कोपऱ्यात खड्डा खणायला सांगितला. लोणीला निरोप गेला की यायचं कारण नाही.

एवढ्याने झालं का, मला माहीत नाही. किती दिवस लावलं होतं विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, पहिल्यांदाच, देवाशपथ. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. पण गोदी त्या घरात तुझ्या कुशीत झोपत होती, तुझ्या हातचा वरणभात खात होती, आणि आजी कुटायची तेव्हा पुढ्यात बसून बघत होती. परवा तिचं पोट दुखलं. कच्च्या कैऱ्या खाल्ल्या होत्या, दुखणारच. तरी तिची कळ जाईपर्यंत मी तिची मनगटं धरून बसले होते. इकडून मला समजावणं होतं की पोरं पोटदुखीनेच मोठी होतात. मी मान डोलावते. वैद्यबुवांसारखी.

एक मात्र तुला सांगायचं राहिलं. वस्तरा थांबला तेव्हा गोदीने आपलं डोकं चाचपलं. मग आजीचं डोकं बघितलं. पुन्हा आपलं चाचपलं. तिला ठाऊक होतं हे कोणाचं करतात, घरातच रोज समोर होतं. ती माझ्याकडे वळली आणि हळूच, जणू कोणाला ऐकू जाऊ नये अशी, म्हणाली,

"मावशी, माझा नवरा मेला?"

भावोजी आत निघून गेले. मी तिला जवळ ओढलं. म्हटलं, नाही गं बाळ, तुझं लग्नच कुठे झालंय? तुझ्या केसांना विष लागलं होतं. ते तुझ्या अंगात जाऊ नये, तू मरू नयेस, म्हणून काढले. पुन्हा येतील.

ती विचारात पडली. विचार करताना तिची एक भुवई वर जाते, थेट तुझ्यासारखी. सासूबाई पाटावरचे केस झाडत होत्या, त्यांचा हात थांबला. गोदी म्हणाली,

"मग आईचे का नाही काढले?"